चादरीचा कोपरा

माझ्या वडिलांना एक वाईट खोड होती. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या यायच्या आत ते दिवाणावर अंथरलेल्या चादरीचा कोपरा उलटून बघायचे. नुसते बघायचे नाहीत, अंगठ्याने चाचपायचे. मग कोपरा होता तसा सारखा करायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसायचे. बार्शीला एका लग्नात त्यांनी जानवसघरातल्या निम्म्या गाद्यांवरून हात फिरवला होता. मंगळवेढ्याच्या लॉजवर सामान ठेवायच्या आधी कोपरा. आत्या दवाखान्यात होती तेव्हा तर ती बिचारी डोळे मिटून पडलेली, आणि हे तिच्या पायाकडची चादर उलटून बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आम्ही त्यांना नान्ना म्हणायचो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक विणकरांच्या घरांसारखं आमच्याही घरात तेलुगू चालतं. अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि नान्ना सायकलवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जायचे, एका चादरीच्या कारखान्यात. तिथे ते नक्षी काढायचे. म्हणजे मोठा चौकटींचा ग्राफ कागद घ्यायचा, आणि बारीक कुंचल्याने एकेक चौकट लाल शाईने भरत जायची. जितक्या चौकटी भरल्या तितकं सूत चादरीवर रंगीत दिसणार. पुढे त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्यांची माळ मागावर चढवायची, म्हणजे कागदावरचं एकच फूल काठभर पुन्हा पुन्हा उमटायचं. चांगल्या मोठ्या फुलाचा ग्राफ पुरा व्हायला महिना जायचा. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. चादरीच्या लेबलावर मात्र नाव कारखान्याचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. नान्नांनाही नाही, असं मला वाटायचं.

त्या खोडीपायी माझं एक ठरत आलेलं लग्न मोडलं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. मुलगा सोलापूरचाच, बँकेत. पसंती झाली होती, आम्ही घर बघायला गेलो होतो. मुलाची आई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, तर नान्ना दिवाणाशी वाकलेले, चादरीचा कोपरा हातात, नाक जवळजवळ त्याला लागलेलं. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकरवी निरोप आला, आमची चादर मळकी वाटली असेल तर तुमच्या मुलीला धुतल्या तांदळाचं घर शोधा. अम्माने आठवडाभर नान्नांशी अबोला धरला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं, पण मीही त्यांना सुनवायची संधी सोडली नाही. लोकांच्या घरात मुकादमासारखं काय तपासत फिरता, मी म्हणाले. ते म्हणाले, सवय गं, हातालाच सवय. मी समजले की सूत बघतात, वीण बघतात. म्हातारा सोनार दुसऱ्याच्या गळ्यातलं निरखतो तसं.

मी शाळेत असतानाच कारखान्यात कॉम्प्युटर आला होता. नक्षी काढायला एक शिकलेला माणूस आला आणि नान्नांना घडीच्या खात्यात बसवलं. ज्या चादरी त्यांनी कागदावर काढल्या, त्यांच्याच घड्या घालून ते पुड्यात भरत होते. घरी येऊन कधी कुरकुरले नाहीत. पुढे कारखानाच बंद पडला. मालकांनी जाताना ग्राफांची पत्र्याची पेटी त्यांच्यापुढे सरकवली, न्या मास्तर, तुमचंच आहे हे सगळं. ती पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून नान्ना चालत घरी आले. शेजारून पेटीला हात लावून मामा चालत होते. मामा म्हणजे नान्नांचे कारखान्यातले दोस्त, अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले, मागावर काम करणारे. नात्याने आमचे कुणी नाहीत. पंचवीस-तीस वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं.

पुण्यात मी वेष्टनं डिझाइन करायची. बिस्किटाचा पुडा, साबणाचं खोकं. काम बरं होतं, पण माझ्या नाकावर राग आणि साहेबांना सगळं उद्या सकाळी हवं. तिशी गाठता गाठता एक दिवस भांडण झालं आणि मी राजीनामा देऊन सोलापूरला परत आले. अम्माला म्हटलं, आता नोकरी नाही, स्वतःचं काहीतरी करणार. अम्माने विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "स्वतःचं म्हणजे कुणाचं?" मी हसले होते. आता तो प्रश्न आठवतो.

माझ्या डोक्यात नान्नांची पेटी होती. त्यांच्या नक्ष्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, रंग आजच्या घरांना शोभतील असे करायचे, आणि चादरीच्याच विणीत सोफ्यावर टाकायची वस्त्रं, उशांचे अभ्रे, खांद्यावरच्या पिशव्या काढायच्या. विकायचं इंटरनेटवरून, मोठ्या शहरांत. सोलापुरात सांगितलं की लोक म्हणायचे, चादरीची पिशवी? पावसात भिजली की म्हशीएवढी जड होईल की. पिकतं तिथं विकत नाही, हे मला ठाऊकच होतं. घराजवळ एक खोली भाड्याने घेतली, जुना कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला. विणून द्यायला एक छोटा कारखाना मिळाला, तिथे मामा कामाला लागले होते.

नान्ना इस्त्रीचा शर्ट घालून रोज माझ्या खोलीवर यायला लागले. कारखाना सुटल्यापासून शर्टाला इस्त्री झाली नव्हती. एकेक ग्राफ पेटीतून काढायचे, झटकायचे, माझ्या हातात द्यायचे आणि खुर्ची ओढून शेजारी बसायचे. डाळिंबाच्या फुलांच्या काठाचा ग्राफ हातात आला तेव्हा ते थोडा वेळ तो धरूनच बसले. म्हणाले, हा तू झालीस त्या वर्षीचा. मला त्या कागदात तेव्हा एवढंच दिसलं की फूल देखणं आहे आणि हेच आधी काढायचं.

मी लहानपणापासून नीटनेटकेपणाची वेडी. वहीत खाडाखोड झाली तर पान फाडून नवं लिहिणारी. कॉलेजातही हेच शिकवलेलं, रेघ स्वच्छ हवी. स्कॅन केलेले ग्राफ पडद्यावर मोठे केले की त्यांत काय काय दिसायचं. धूळ, शाईचे शिंतोडे, वाळवीची भोकं, कुठे कुंचला चौकटीबाहेर गेलेला. मी दिवसेंदिवस बसून ते पुसत गेले. त्यातच मला एक गंमत दिसली. जवळजवळ प्रत्येक कागदावर, पूर्ण भरलेल्या पाकळीच्या किंवा पानाच्या पोटात, एखादी चौकट कोरी राहिलेली. खालच्या ओळीतल्या फुलात. डाळिंबाच्या फुलात तर दोन, शेजारी शेजारी. मी नान्नांना चिडवलं, तुमची नजर तेव्हापासूनच अधू होती की काय, प्रत्येक कागदावर एखादी चौकट विसरलायत.

ते म्हणाले, "कुठे?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवलं. कर्सरने लाल गोल काढला, इथे बघा, आणि इथे. मग त्यांच्या देखतच दोन टिचक्यांत त्या दोन चौकटी भरून टाकल्या. पाकळी सलग लाल झाली. नान्नांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याकडे बघत राहिले.

"बागुंदि," ते म्हणाले. तेलुगूत म्हणजे छान आहे. आणि मग कारखान्यात बोलायचे तसं मराठीत, जरा थांबून, "लई साफ झालं."

मी ती शाबासकी समजले. पुढचे दोन महिने पेटीतला एकेक कागद तशाच उत्साहाने साफ केला. कोऱ्या चौकटी आता मी शोधून शोधून भरत होते. साफ झालेली फाइल जुन्या फाइलवरच ठेवायची, जागा कमी होती ना. सगळं झाल्यावर प्रश्न पेटीचा आला. खोली लहान, कागदांना वाळवी. मी नान्नांना विचारलं, हे द्यायचं का रद्दीत? त्यांनी मान हलवली. म्हणाले, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे ना. मी म्हटलं, आहे, आणि जास्त चांगलं आहे. पेटी तेवढी अम्माने ज्वारी ठेवायला घेतली.

पहिला नमुना विणून आला त्या दिवशी मी खोलीत टेबलावर तो पसरला. गडद हिरवी जमीन, काठाला डाळिंबाची फुलं, उलटलं तर लाल जमिनीवर हिरवी. सोलापुरी चादर अशी दोन्ही अंगांनी असते. नान्ना आले, चप्पल काढली, आणि सवयीप्रमाणे थेट कोपऱ्याशी गेले. कोपरा उलटला. अंगठा फिरवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवला. पहिलं फूल, दुसरं फूल, तिसरं. मी स्टुलावर उभी राहून वरून फोटो काढत होते, उजेड जायच्या आत इन्स्टाग्रामसाठी. मी म्हटलं, "नान्ना, हात काढा, सावली पडतेय."

त्यांनी हात काढला.

मग वेबसाइट. तिथे चार ओळी लिहायच्या होत्या, माल काय आहे, कुठून आला. मी इंग्रजीत लिहिलं की ही सोलापूरची परंपरागत नक्षी आहे, पिढ्यान्‌पिढ्या हातोहात चालत आलेली, तिचा कर्ता कोण ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. शहरातल्या गिऱ्हाइकाला असलं काही वाचायला आवडतं, हे पुण्याच्या नोकरीत शिकले होते. नान्नांनी विचारलं, काय लिहिलंस? मी तेलुगूत सांगितलं, आपली जुनी सोलापुरी नक्षी म्हणून लिहिलंय. ते म्हणाले, जुनी कसली, डाळिंब तर तुझ्या वयाचं आहे. मी म्हटलं, लोकांना जुनं आवडतं. ते हसले. कर्ता कोण ते ठाऊक नाही, हे वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. विसरले नव्हते. सांगायला नको वाटलं, म्हणजे कुठेतरी मला कळत होतं.

त्यांचं नाव का लिहिलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. द्वेष नव्हता, चोरी करायची म्हणूनही नव्हे. घडीच्या खात्यातला एक माणूस, त्याचं नाव वाचून कोण चादर घेणार, असं काहीतरी मनात होतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःचं काहीतरी करायचं हा माझा हट्ट होता, त्यात बापाचं नाव आलं की ते स्वतःचं राहत नव्हतं. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

धंदा चालला. पहिलं वर्ष कसंबसं गेलं, मग बंगळूर, दिल्ली, कुठून कुठून मागणी यायला लागली. बहुतेक जण डाळिंबच मागायचे. एका मासिकात माझा फोटो आला, अम्माने तो विड्यांच्या दुकानात नेऊन दाखवला. नान्ना पाकिटांवर पत्ते चिकटवायचे. पत्ता इंग्रजीत, त्यांना वाचता यायचा नाही, पण लेबल ग्राफवर रेघ मारावी तसं सरळ लावायचे. कोपरे उलटून बघायचं मात्र त्यांनी सोडलं होतं. मला वाटलं, वय झालं, सवय सुटली. बरंच झालं म्हणाले मी अम्माला.

एका हिवाळ्यात सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता ते न्हाणीघराच्या दारात बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मामा गावाहून आले आणि दिवसभर अंगणात उकिडवे बसून राहिले.

त्यानंतर वर्षभराने माझं डाळिंब मला दुसऱ्याच्या दुकानात दिसलं. दूरच्या शहरातली एक मोठी कंपनी, इंटरनेटवर सगळं विकणारी. तीच हिरवी जमीन, तोच काठ, फूल न्‌ फूल तेच, किंमत माझ्या निम्मी. मी एक मागवून घेतलं आणि माझ्या चादरीशेजारी पसरलं. सूत हलकं होतं. नक्षीत मात्र केसाएवढाही फरक नव्हता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्यांना पत्र लिहिलं, इथल्या एका वकीलबाईंकडून नोटीस पाठवली. उत्तर आलं ते चोराच्या उलट्या बोंबा अशा थाटाचं होतं. ही सोलापूरची परंपरागत नक्षी आहे, तिचा कर्ता कोण ते कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा ती कुणा एकाची नाही. खाली पुरावा म्हणून माझ्याच वेबसाइटचं पान छापून जोडलं होतं. वकीलबाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून बघितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी विचारलं, वडिलांनी काढलेला मूळ कागद आहे? म्हटलं, रद्दीत दिला. स्कॅन? पुसला. जुनी विणलेली चादर? घरात नव्हती, होत्या त्या जीर्ण होऊन कधीच पोतेऱ्याला गेलेल्या. मग हे तुमचं कशावरून? त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

वकीलबाई म्हणाल्या, कारखान्यातलं कुणी असेल तर बघा. म्हणून मी मामांच्या गावी गेले. मामांनी आता काम सोडलं होतं. घराच्या सोप्यात बाजेवर बसले होते, खाली निळी चादर अंथरलेली, धुऊन धुऊन फिकी पडलेली. काठाला डाळिंबाची फुलं. मला ती आधी दिसलीच नाहीत, मी माझीच कहाणी सांगत सुटले होते. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्या कंपनीच्या चादरीत ठिपका आला का?

मी म्हटलं, कसला ठिपका?

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग बाजेवरून उठले आणि चादरीचा कोपरा उलटला. अगदी नान्नांसारखा. खालच्या ओळीतल्या पहिल्या फुलाच्या पाकळीवर त्यांनी बोट ठेवलं. फुलाच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढे दोन ठिपके होते, शेजारी शेजारी. पुढच्या फुलात तेच, त्याच्या पुढच्यात तेच, काठभर.

मामांनी सांगितलं ते असं. त्या काळी एका कारखान्याची चादर बाजारात आली की दुसरे कारखानदार ती विकत घ्यायचे आणि धागे मोजून नक्षी उतरवून काढायचे. उतरवणारा डोळे झाकून मोजतो, चूक असली तर चुकीसकट उतरवतो. म्हणून मास्तर प्रत्येक नक्षीत जाणूनबुजून एक चौकट कोरी सोडायचे. चोरी थांबवायचा अधिकार त्यांना कुठला, नक्षी तर मालकाची. पण आपली नक्षी कुठवर गेली ते त्यांना कळायचं. लॉजवर, लग्नात, दवाखान्यात. परक्या कारखान्याच्या लेबलाखाली स्वतःचा ठिपका सापडला की दुसऱ्या दिवशी डबा उघडताना मामांना सांगायचे. आणखी कुणालाही ठाऊक नव्हतं. अम्मालाही नाही.

"तुला बघायला आलेलं ते बँकेतलं पोरगं," मामा म्हणाले, "त्यांच्या दिवाणावर डाळिंब हुतं की. लई खूश हुता मास्तर त्या दिवशी. म्हणला, पोरगी माझ्याच चादरीवर जाऊन बसनार."

त्या दिवशी मी त्यांना मुकादम म्हणाले होते.

मामा पुढे जे म्हणाले ते मला सावकाश कळत गेलं. तू ठिपके ठेवले असतेस तर त्या कंपनीच्या चादरीतबी आले असते, मग कुणाला इचारायची गरज न्हवती. मी विचारलं, तुम्ही माझा माल विणलात, तुम्हाला दिसलं असेल, मला का नाही सांगितलं? त्यांनी मान खाली घातली. "मी त्याला इचारलं, मास्तर, ठिपका कुटं गेला? म्हणला, पोरीनं काढला. तिच्या हाताचं काम हाय आता, तिला साफ आवडतं. बोलू नको."

मी विचारलं, बाकीच्या कागदांवर एकच चौकट कोरी असायची, डाळिंबात दोन का?

"पैला एकच सोडायचा," मामा म्हणाले. "डाळिंबाच्या वक्ताला तू झालीस. त्या नक्षीत दोन सोडले. म्हणला, एक मी, एक ती."

मी त्या बाजेवर बसून रडले. मामी आतून पाणी घेऊन आली आणि काही न विचारता परत गेली. मामांनी ती चादर घडी घालून माझ्यापुढे ठेवली, घेऊन जा, कोर्टात दाखव. मी वकीलबाईंना दाखवली. त्यांनी हात फिरवून बघितली आणि सांगितलं, यावरून जुनी चादर होती एवढंच दिसतं, ती तुमच्या वडिलांची हे नाही, आणि तुमच्या चादरीत तर हे ठिपकेच नाहीत. त्या खरं तेच बोलत होत्या. मी नोटीस मागे घेतली.

निम्म्या किमतीपुढे माझा माल टिकला नाही. वर्षभर ओढत नेलं, मग खोली सोडली. कॉम्प्युटर आता घरात अम्माच्या सुपाशेजारी आहे. मसाल्यांची लेबलं करते, लग्नपत्रिका करते, अधूनमधून पुण्याहून वेष्टनाचं काम येतं. पोट भरतं. वेबसाइटवरचं ते पान मी बदललं, तिथे आता नान्नांचं नाव आहे. ते वाचायला येणारे फार थोडे आहेत.

गेल्या वर्षी मी डाळिंबाच्या थोड्याच चादरी पुन्हा विणून घेतल्या. फाइल उघडली, मामांची चादर मांडीवर घेतली, बोटाने मोजलं आणि पाकळीतल्या त्या दोन चौकटी पुन्हा कोऱ्या केल्या. दोन टिचक्या. भरायला लागल्या होत्या तेवढ्याच. विणून आली तेव्हा कोपरा उलटून अंगठ्याने बघितलं. लागले. अम्माला दाखवलं, तिने विडीचा दोरा तोंडात धरून मान हलवली आणि तोंड फिरवून बसली.

त्यातली एक चादर नागपूरच्या एका बाईंनी घेतली. आठ दिवसांनी त्यांचा मेसेज आला, सोबत फोटो. कोपरा उलटलेला, पहिल्या फुलाच्या पाकळीभोवती लाल गोल काढलेला. लिहिलं होतं, ताई, चादर छान आहे, पण विणताना इथे दोष राहिलाय, प्रत्येक फुलात आहे, बदलून मिळेल का? मी बराच वेळ उत्तर लिहीत बसले. नान्नांबद्दल, मामांबद्दल, सगळं लिहिलं. मग पुसलं. लिहिलं की माफ करा, परत पाठवा, पैसे देते.

त्या बाईंचा मला राग आला नाही. त्यांनी लाल गोल काढला तो मला कळवायला, आणि माझ्या चादरीतले ठिपके निदान जागेवर ठेवले. मी गोल काढला तेव्हा ठिपके सोडणारा माणूस माझ्या शेजारी खुर्चीवर बसला होता. त्यालाच त्याची चूक दाखवली मी, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत आम्हा दोघांना पुसून टाकलं.